दहा इंची लॅपटॉप

राजाराम देवपुजारी नागपूरहून अमेरिकेत हर्नडनला लेकाकडे राहायला आले आणि दोनेक महिन्यांत त्यांच्या सुनेच्या नोकरीवर गदा आली.

झालं ते असं. शिवांगी रेस्टनमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होती आणि ऑफिसचा लॅपटॉप शनिवार-रविवारी घरी आणायची. एका रविवारी ती आणि तिचा नवरा अंकुर किराणा आणायला गेले असताना राजारामांनी डायनिंग टेबलावरचा तो लॅपटॉप उघडला आणि नागपूरहून आणलेली बुद्धिबळाची सीडी त्यात घातली. सीडी सीताबर्डीच्या फुटपाथवर घेतलेली. बुद्धिबळाच्या मागोमाग त्यातून काय काय मशीनमध्ये शिरलं देव जाणे. सोमवारी लॅपटॉप ऑफिसच्या नेटवर्कला जोडला आणि दुपारपर्यंत तिच्या मजल्यावरचे निम्मे कंप्युटर बंद पडले. तिला लेखी ताकीद मिळाली. २००८चा ऑक्टोबर होता, रोज कुठल्या ना कुठल्या कंपनीतून माणसं कमी केल्याची बातमी यायची. एच-वन व्हिसावर असलेल्या, नोकरी गेली की देश सोडावा लागणाऱ्या माणसाला अशा दिवसांत हातात पडलेला तो कागद काय वाटतो, हे सासऱ्यांना समजावून सांगायला ती गेली, तर ते म्हणाले,

"मशीनच कच्चं असंल. माझ्या घरी तीच सीडी पाच वर्षांपासून चालून राहिली. काही नाही झालं."

वीज मंडळातून अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर त्यांनी चुका दुसऱ्यांच्या काढल्या होत्या. शिवांगी पुण्याची, सदाशिव पेठेत वाढलेली. ऐकून घेण्याची सवय तिलाही नव्हती. सासूबाई होत्या तोवर दोघांच्या मध्ये एक पडदा होता. त्या गेल्या आणि हे दोघं समोरासमोर आले.

"त्यांना त्यांचाच एक छोटा लॅपटॉप घेऊन देऊ यार," अंकुरनं तोडगा काढला. "आता मिळतात ना ते एवढेसे, स्वस्तातले. प्रवासात नेता येईल, नागपूरला रोज वापरता येईल. तू रिसर्च कर, तुला त्यातलं कळतं." एवढं बोलून तो क्लायंटकडे डेन्व्हरला निघून गेला.

तिनं रिसर्च केला. जेवणाच्या सुट्टीत, डब्यातला भात चिवडत, लोकांनी लिहिलेले अभिप्राय वाचले. सात इंची पडदा म्हणजे खेळणंच. नऊ इंची बरा, पण त्यात जागा कमी. दहा इंचीत हार्ड डिस्क मोठी, बॅटरी मोठी, वजन तरीही पोळीच्या डब्याएवढं. प्रेमानं नव्हती करत ती हे. हा माणूस पुन्हा आपल्या मशीनला हात लावता कामा नये, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

शनिवारी ती त्यांना गाडीत घालून दुकानात घेऊन गेली.

दुकान गोदामासारखं अवाढव्य. छोट्या लॅपटॉपांचं टेबल मागच्या बाजूला होतं. छातीवर ब्रायन नावाची पट्टी लावलेला ढगळ शर्टातला एक मुलगा पुढे आला. राजाराम जाकिटाच्या खिशात उजवा हात घालून उभे राहिले आणि टेबलाकडे असे बघू लागले, जणू कंत्राटदारानं खराब तारा आणून टाकल्या आहेत.

"हा?" त्यांनी सात इंचीकडे हनुवटीनं खूण केली. "हा तर पोरांचा आहे."

"तो नाही. हा बघा. दहा इंची."

"सीडी कुठे घालायची याच्यात?"

"या छोट्यांमध्ये सीडीची सोय नसते, बाबा. म्हणूनच ते हलके असतात."

"म्हणजे बुद्धिबळ नाही."

"इंटरनेटवर खेळता येतं. सगळ्या जगाशी."

"मला सगळ्या जगाशी नाही खेळायचं." मग ते तिला डावलून ब्रायनकडे वळले आणि इंग्रजीत म्हणाले, "माझ्या सुनेला कुठलीही गोष्ट अर्धीच विकत घ्यायची सवय आहे."

ब्रायन कसंनुसं हसला. शिवांगीची कानशिलं तापली. तिनं दहा इंची उघडून त्यांच्यापुढे सरकवला.

"टाइप करून बघा."

"काही गरज नाही."

"बाबा, विकत घेणार तर बघायला नको? अर्धी वस्तू आहे की पूर्ण, ते तरी कळेल."

त्यांनी डाव्या हाताच्या एका बोटानं सुरुवात केली. उजवा हात खिशातच. ओठ घट्ट मिटून ते एकेक कळ दाबत होते, आणि पडद्यावर त्यांचं नाव उमटत होतं. पण प्रत्येक अक्षर दोनदा, तीनदा. मधेच शेजारची कळ दाबली गेली आणि नको ते अक्षर घुसलं.

"रद्दी आहे," ते मोठ्यानं म्हणाले. "बटणं म्हणजे मुरमुरे. माणसासाठी बनवलेलंच नाही हे. तुम्हा पुण्याच्या लोकांना स्वस्त दिसलं की झालं."

ते बोलणं तिला लागलंच. पण त्याच वेळी तिची नजर कळांवर तरंगणाऱ्या त्यांच्या बोटावर होती. बोट स्थिर नव्हतं. कळेवर टेकण्याआधी ते हवेत लहान लहान घिरट्या घेत होतं. आणि जाकिटाच्या खिशातही काहीतरी हलत होतं.

गेल्या दोन महिन्यांतली एकेक गोष्ट तिला लख्ख दिसली. चहा अर्धाच घ्यायचे. वरण नको, कोरडी भाजी दे म्हणायचे. तिच्या लग्नातल्या सेटमधले दोन कप फुटले, तेव्हा "तुमच्या इथले कप निसरडे" म्हणाले होते, आणि अंकुरनं बायकोलाच सांगितलं होतं की जरा जाडे कप आण.

त्या घटकेला तिला दया आली असती तर गोष्ट वेगळी झाली असती. आला तो संताप. दोन महिने या माणसानं आपल्या भीतीचं खापर तिच्या डोक्यावर फोडलं होतं.

"मशीन रद्दी नाहीये," ती मराठीत, पण आजूबाजूचे वळून बघतील एवढ्या आवाजात म्हणाली. "हात थरथरतो तुमचा. तेवढं सांगा ना. बटणांना, कपांना, मला कशाला नावं ठेवता?"

राजारामांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी डावा हातही खिशात घातला आणि ते मोठमोठी पावलं टाकत दाराकडे निघाले.

ब्रायननं हळूच विचारलं, "तुम्हाला नंतर यायचंय का?"

"नाही. हाच द्या. दहा इंची."

ती खोकं घेऊन गाडीपाशी आली तेव्हा ते वाऱ्यात कुडकुडत उभे होते. गाडीत बसल्यावर तिनं किल्ली फिरवली नाही.

"किती दिवसांपासून होतंय हे?"

"तुला काय करायचं?"

"डॉक्टरला दाखवलंत?"

"मी म्हटलं, तुला काय करायचं?" ते ओरडले. मग काचेतून बाहेर बघत, रागाच्याच आवाजात म्हणाले, "त्र्यंबकदादाला कंपवात होता. माझा मोठा भाऊ. ज्या हातानं तबला वाजवला त्या हातात चमचा धरता येत नव्हता. शेवटी वहिनी भरवायची. तोंडातून गळायचं, ती पुसायची. मला कोणी भरवायचं नाही. समजलं?"

"मी भरवणारच नाहीये," शिवांगी म्हणाली.

"तुझ्याकडून अपेक्षाही नाही."

"छान. मग डॉक्टरकडे जा, म्हणजे कुणालाच भरवावं लागणार नाही."

"अंकुरला सांगितलंस तर मी उद्याच्या विमानानं परत जाईन."

तिनं पर्समधून मोबाइल काढला आणि त्यांच्यादेखत डेन्व्हरला फोन लावला. जे होतं ते सांगितलं, तिखटमीठ न लावता, पण काही लपवलंही नाही. आपण दुकानात काय बोललो तेही सांगितलं. पलीकडून अंकुर म्हणाला, "भर दुकानात बोललीस? सगळ्यांसमोर?"

"हो."

"शिवांगी, काय माणूस आहेस तू!"

"दोन महिने ते तुझ्यासमोर बसून जेवतायत, अंकुर. तुला दिसलं नाही."

त्यानं बाबांना फोन द्यायला सांगितला. राजारामांनी घेतला नाही.

घरात त्या दिवसापासून दोन चुली मांडल्यासारखं झालं. अंकुर परत आला तो बायकोशी कामापुरतं बोलायचा आणि वडिलांशी नको इतकं गोड. राजाराम खोलीतून फक्त जेवायला बाहेर यायचे. वरण मात्र त्यांनी पुन्हा कधी नको म्हटलं नाही. सांडलं तर सांडू द्यायचे आणि सुनेकडे रोखून बघायचे. बघ, हेच हवं होतं ना तुला? तीही नजर खाली घालायची नाही.

खोकं कोपऱ्यात तसंच पडलं होतं. एका संध्याकाळी शिवांगीनं ते उघडलं. मशीन चालू करून बघितलं, नाहीतर परत करायची मुदत टळून गेली असती. विंडोजमध्ये कुठेतरी आत एक सेटिंग असतं, कळ चुकून पुन्हा लागली तर दुसरा ठोका मोजायचाच नाही, असं. टेस्टिंगमध्ये तिनं ते कधीतरी पाहिलं होतं. ते चालू केलं, अक्षरं मोठी केली, बुद्धिबळाचा एक खेळ उतरवून घेतला आणि लॅपटॉप त्यांच्या पलंगावर ठेवून दिला.

दोन दिवसांनी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

"त्या मशीनला काय केलंस?"

"का? बिघडलं?"

"अक्षरं डबल नाही येऊन राहिली."

"सेटिंग बदललं."

"कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मला दाखव, ते बंद कसं करायचं."

तिनं हात पुसले आणि दाखवलं. त्यांनी तिच्यासमोर सेटिंग बंद केलं, दोन ओळी लिहिल्या, पडद्यावरची विचित्र अक्षरं बघितली. मग तिच्याकडे न बघता ते पुन्हा चालू केलं आणि लॅपटॉप काखेत मारून गेले.

तिकीट बदलून ते ठरल्यापेक्षा लवकर परतले. डलस विमानतळावर अंकुर रडवेला झाला होता. सुरक्षा तपासणीच्या रांगेत शिरण्याआधी राजाराम शिवांगीला म्हणाले, "दुकानात जे केलंस ते मी विसरणार नाही."

"नका विसरू. डॉक्टरकडे मात्र जा."

"जाईन तेव्हा जाईन."

ती दोरीच्या अलीकडे उभी राहिली. पलीकडे त्यांना लॅपटॉप बाहेर काढायला सांगितला, तेव्हा पिशवीची चेन त्यांच्याच्यानं उघडेना. मागच्या रांगेत लोक चुळबुळ करू लागले. एका गणवेशातल्या बाईनं हात पुढे केला, तो त्यांनी झटकला. शेवटी चेन उघडली, ट्रेमध्ये लॅपटॉप ठेवला, आणि ते मागे वळून न बघता गेले. ते दिसेनासे होईपर्यंत शिवांगी दोरीपाशीच थांबली, पण त्याला माया म्हणायला ती तयार नव्हती.

जानेवारीत ते नागपुरात धंतोलीच्या एका न्यूरॉलॉजिस्टकडे गेले. कंपवात निघाला नाही. काहींना उतारवयात हातांना कंप सुटतो, तसला तो होता. गोळीनं पुष्कळ कमी होतो, म्हणाले डॉक्टर. हे अंकुरला कळलं, आणि अंकुरकडून शिवांगीला. ऐकून ती खुर्चीवर बसली. इतके महिने हा माणूस नसलेल्या रोगाला घाबरत होता, आणि आपण त्याला चारचौघांत उघडं पाडलं. आपण केलं ते बरोबर होतं असं तिला अजूनही वाटत होतं. चांगलं होतं असं मात्र वाटेना.

दर रविवारी त्यांचा फोन यायचा. तिनं उचलला तर "अंकुरला दे" म्हणायचे. एकदा अंकुर घरी नव्हता.

"मग तूच सांग," ते म्हणाले. "लॅपटॉपचा पडदा आडवा झाला आहे. मान वाकडी करून खेळून राहिलो सकाळपासून."

कुठल्या तीन कळा एकदम दाबायच्या ते तिनं सांगितलं. पलीकडे खटखट झाली, एकदा चुकली, मग जमली.

"झाला सरळ," ते म्हणाले. "हे आधी सांगून ठेवायचं होतंस." आणि फोन ठेवून दिला.

"उपकार तर नाहीच मानणार," शिवांगी रिसीव्हरला म्हणाली, आणि राहिलेली भेंडी चिरायला गेली.