बंगईखालची फरशी

आमच्या बैठकीत बंगईच्या, म्हणजे झोपाळ्याच्या, जरा पुढं एक पाट कायम ठेवलेला राह्यते. त्यावर कोणी बसत नाई, तो कोणी हलवत नाई. नवीन माणूस आलं की विचारते, "हा पाट इथं काहून?" माया सासूबाई म्हणतात, "राहू द्या, कोणाच्या पायात येते का?" येते की. मायाच पायात येते, रोज येते. म्हणून मीच सांगते.

लग्न होऊन मी केनवडले आली त्याच साली माया सासऱ्यायनं घरात इंग्रजाची फरशी आणली. त्यायले मी मामाजी म्हणते, गाव दौलतराव पाटील म्हणते. वाशिमले कापसाच्या जिनाचा एक साहेब होता. लढाई लागली तसा तो आपल्या मुलखाले निघून गेला अन् त्याचा बंगला पाडायले काढला. कोणी तिथून दारं नेली, कोणी कौलं नेली. मामाजीनं फरशी उपसून गाड्यात भरली. आमच्याकडं तवा घरोघरी सारवलेली जमीन, फार तर काळा दगड. ही फरशी सायीच्या रंगाची, अन् अंगभर भोकं, अनारशासारखी. साहेबाकडं ती भोकं बुजवलेली होती, पण गाडीच्या हादऱ्यानं सगळं भरण गळून गेलं, कोपरे फुटले. गाव पाह्यले आलं अन् म्हणालं, पाटलानं किडलेला दगड आणला.

मामाजीच्या नाकाले मिरच्या झोंबल्या. त्यायनं शेलूबाजारहून फय्याज मिस्त्रीले बोलावलं. मिस्त्रीनं असा दगड जन्मात पाह्यला नव्हता. तो काळ्या दगडातला माणूस. पण फुटके तुकडे त्यानं खलबत्त्यात कुटले, भुकटी कपड्यानं चाळली, भिजवलेल्या चुन्यात कालवली अन् एकेक भोक अंगठ्यानं दाबून भरलं. वरून ओले पोते टाकून ठेवले. भरण कडक झाल्यावर पाणी शिंपडून घोटण्याच्या दगडानं घोट-घोट घोटलं, अन् शेवटी जवसाच्या तेलाचं बोट फिरवलं. मी आतल्या दारातून पाहत होती. फरशी अशी झाली की कंदिलाचा उजेड तिच्यात दिसे. किडलेला दगड म्हणणारे बाहेर चपला काढून आत यायले लागले.

आता माया सासूबाईचं सांगते. गोजराबाई त्यायचं नाव, मी आत्याबाई म्हणते. बाई कामाची, हाताले चव आहे, पण मनात संशयाचं घर. गवळ्याच्या दुधात पाणी आहे का पाहतीन, अन् पाणी नसलं तर आज काहून नाई म्हणून पाहतीन. फरशी आली तशी त्यायनं गाडीवाल्याले विचारलं, "त्या बंगल्यात कोणी मेलं होतं का?" तो बिचारा म्हणाला, "असन बाई कोणी." झालं. दुसऱ्या दिवसापासून त्या म्हणायले लागल्या की मेलेल्या मडमेची फरशी घरात आणली.

पहिला डाग पडला तो मी आसेगावहून, माया माहेराहून परत आली त्याच आठवड्यात. आमच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी. रुपयाएवढा, पांढरट, उजेडात तिरपं पाह्यलं की दिसे. चमक गेलेली अन् बोट फिरवलं तर खरबरीत. मी ओल्या फडक्यानं पुसला, गेला नाई. राखेनं घासला, गेला नाई. मग देवघरापुढं एक पडला. मग स्वयंपाकघराच्या दारात दोन, जोडीनं.

मामाजीले वाटलं मिस्त्री लबाडी करून राह्यला. काम पुरवून खायचं म्हणून कच्चा चुना घातला, नाई तर स्वतःच काई तरी टाकून जाते. त्याले बोलावून घेतलं अन् त्याची पिशवी बैठकीत उपडी केली. घोटायचा दगड, थापी, फडके, अन् मेहरबीनं, त्याच्या बायकोनं, बांधून दिलेली भाकर. बाकी काई नाई. फय्याज मिस्त्रीचं तोंड लाल झालं. "पाटील, हा दगड सगळं पिते. तुमच्याच घरात कोणी तरी काई सांडून राह्यलं. माह्यावर कायले?" असं म्हणून त्यानं डाग घोटून काढून दिले. पण 'तुमच्याच घरात' हे त्याचे शब्द मागं राह्यले.

अन् घरात परकी कोण? मी.

आत्याबाईनं तोंडानं काई म्हटलं नाई. पण मी पाणी भरायले निघाली की त्या माया खोलीत जात. अंथरूण झटकलं जाई, पेटीचं झाकण उघडं राही. मी चालून गेली की माया पावलाच्या जागी वाकून पाहत. मग बाया कुजबुजायले लागल्या. डाग पाटलाच्या सुनेच्या पायाचे आहेत म्हणे. तिनं माहेराहून काई तरी शिकून आणलं म्हणे.

मले राग यायचा तो यायचाच, पण भीती जास्त वाटे. तिकडं आसेगावले मायी लहान बहीण हिरी लग्नाची होती. तिची सोयरीक जमत आली होती. करणीवाली म्हणून मोठीले परत धाडलं, एवढं त्या लोकायच्या कानावर गेलं असतं तर हिरीले कोण करून नेलं असतं? मी घरी गेली असती, बापानं दोन घास दिले असते, पण तिचं तोंड मले रोज पाहावं लागलं असतं.

मग मीही डोळ्यात तेल घालून पाह्यले लागली. मायाही मनात आलं, आत्याबाईच काई करून तर नाई राह्यल्या? मले घालवायचं अन् दुसरी आणायची. एका रविवारी सकाळी उठली तर त्या आमच्या उंबऱ्यापासून उठून चालल्या होत्या. पदराखाली काई तरी झाकलेलं. हाक मारली तर मागं वळल्या नाई. उंबऱ्यापाशी फरशी ओली, फटीत कुंकवाची लाली, अन् एका भोकात, जिथलं भरण जरा निघालं होतं तिथं, लिंबाची बी अडकलेली.

लिंबू अन् कुंकू, अन् मायाच दारात. करणी मी करत नाई, मायावरच होऊन राह्यली. ओल वाळली तसा त्याच जागी डाग वर आला. मले वाटलं, बाई लिंबू तर ठेवतेच, वरून काई तरी चोळूनही जाते.

हे मी घरच्यायले सांगतलं. घरचे म्हणजे माये मालक. ते वहाणेचा अंगठा शिवत बसले होते. सगळं ऐकलं अन् म्हणाले, "तू आईवर आळ घेऊन राह्यली का?" एवढंच बोलले, पुन्हा वहाण हातात घेतली. त्या माणसाचा मले जेवढा राग आला तेवढा सासूचाही नाई आला. मायी बाजू घेऊ नका, पण निदान वाकून तो डाग तरी पाहा.

डाग वाढत गेले. घोटलेल्या जागी नवे पडत. शेवटी एक बंगईच्या पुढ्यात, जिथं मामाजी पाय टेकवत तिथं पडला, अन् मामाजीचा धीर सुटला. त्यायनं माया बापाले सांगावा धाडला, पोरीले घेऊन जा. किती दिवसासाठी ते सांगतलं नाई. मी काय समजायचं ते समजली.

बाबा बैलाची दमणी घेऊन सकाळीच आले. पुंजाजी त्यायचं नाव, गरीब गाय माणूस, लिंबाच्या बागेत राबणारा. बैठकीत टेकले, पाणी प्याले नाई. फय्याज मिस्त्री तिथंच होता. बंगईपुढचा डाग त्यानं नुकताच घोटून काढला होता, तेल पुसून फरशी आरशासारखी करून आपलं सामान पिशवीत भरून राह्यला होता. मी पेटी घेऊन बाहेर आली. घरचे खांबाले टेकून उभे होते, नजर जमिनीवर.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. "जे आणलं ते इथं ठेवून जाऊ नको."

त्यायनं आतून लिंबू अन् विळी आणली, तिथंच चिरलं अन् कुंकू भरलं. दोन्ही फोडी मायावरून उतरवल्या, अन् बंगईपुढं, बरोबर त्या नव्या घोटलेल्या जागी एक फोड ठेवली. "डाव्या टाचेनं दाब. मागं पाहू नको."

आतापर्यंत त्या हे गुपचूप करत होत्या, कारण उतारा कोणाले सांगायचा नसते, कोणी टोकलं की वाया जाते. सगळे निजले की चिरलेलं लिंबू उंबऱ्यापाशी नाई तर देवापुढं ठेवायचं, उजाडायच्या आत उचलून चौफुलीवर टाकायचं. पहिलं लिंबू त्यायनं मडमेसाठी ठेवलं होतं, मायासाठी नाई. सकाळी तिथं डाग दिसला, तर त्यायले वाटलं लिंबानं आतली बाधा वर काढली. म्हणून दुसरं ठेवलं. हे सगळं मले मागून कळलं. त्या दिवशी मले एवढंच कळत होतं की बापाच्या देखत मले लिंबू तुडवायले लावून राह्यले.

मी तुडवलं. रस फरशीवर पसरला.

फय्याज मिस्त्री कळवळला. "बाई, आताच घोटलं ना मी ते. कुंकू चढन त्याले." फडकं घेऊन तो खाली बसला. रसाले बारीक फेस आला होता, ताकाले येते तसा. त्यानं पुसलं, कोरड्या कपड्यानं पुन्हा पुसलं, अन् तसाच बसून राह्यला. मग अंगठा फिरवला.

"पाटील," तो म्हणाला, "इकडं या जरा."

मामाजी वाकले. बाबा वाकले. घरचे खांब सोडून आले अन् तेही वाकले, इतक्या दिवसात पहिल्यांदा. आरशासारख्या फरशीत पांढरट, खरबरीत डाग. माया टाचेखाली फुटलेल्या फोडीएवढा. उंबऱ्यापाशी होता तसाच, देवघरापुढं होता तसाच.

मामाजी आत्याबाईकडं पाहून राह्यले. "तू लिंबं कुठं कुठं ठेवत होती?"

आत्याबाईची नजर आपसूक उंबऱ्याकडं गेली, मग देवघराकडं, मग स्वयंपाकघराच्या दाराकडं. आमच्या बापजाद्यायनं शेणाच्या जमिनीवर अन् काळ्या दगडावर लिंबं तुडवली, जमिनीले काई झालं नाई. ह्या दगडाले आंबट चालत नाई हे कोणाले माहीत होतं?

माया हातात त्या वक्ती काय आलं कोण जाणे. मी पेटी खाली ठेवली. दुसरी फोड आत्याबाईच्या हातून घेतली, पहिल्या डागाच्या शेजारी टेकवली अन् मुठीनं दाबून पिळली. फेस येऊ दिला. मग माया लुगड्याच्या पदरानं पुसलं.

"हा डाग मायाच्यानं पडला," मी म्हटलं. "बाकीचे सगळे तुमचे, आत्याबाई."

आवाज चढवला नाई मी.

आत्याबाईचं तोंड उतरलं. वाटलं, आता ही बाई रडते. पण नाई. त्यायनं विळीपाशी पडलेल्या बियांकडं पाह्यलं, मग बाबाकडं पाह्यलं. "पण लिंबं तर आसेगावची आहेत," त्या म्हणाल्या. "इनंच टोपलंभर आणली होती."

बाबा हात जोडून म्हणाले, "इवाईन, लोणच्यासाठी धाडली होती हो ती."

मामाजीनं बैल सोडायले लावले. घरच्यायनं मायी पेटी उचलून आत नेली, अन् दारात मले म्हणाले, "मले काय माहीत होतं?" मी म्हटलं, "तुमी वाकून पाह्यलं असतं तर माहीत झालं असतं." मी राह्यली, हिरीसाठी राह्यली. पुढं तिचं लग्न झालं, ती आपल्या घरी सुखात आहे.

मामाजीनं फय्याज मिस्त्रीले सगळ्यायच्या समोर बंगईवर बसवून चहा पाजला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला अन् एकूण एक डाग त्यानं घोटून काढला. शेवटी माया हातच्या डागापाशी बसला तवा मी म्हटलं, "तो राहू द्या." त्यानं मामाजीकडं पाह्यलं, मामाजीनं मान हलवली. तो गेल्यावर आत्याबाईनं त्यावर पाट आणून ठेवला.

आता घरात लिंबू फक्त ताटात येते. मी विळीवर लिंबू चिरायले बसली की आत्याबाई काई तरी निमित्त काढून दारात येऊन उभ्या राह्यतात, शेवटची फोड वाढून होईपर्यंत हलत नाई. शनिवारी झाडताना पाट उचलून खाली पाह्यतात, डाग वाढला का म्हणून. अन् त्या पाट ठेवून आत गेल्या की मी जाते, अन् खाली काई ठेवलं तर नाई ना ते पाह्यते.