खुर्चीचं मत

विषय क्रमांक चार वाचून झाला तशी धुरपताबाई अध्यक्षाच्या खुर्चीवरून उठली. विषय एका ओळीचा होता : भांडारासाठी व्यवस्थापक नेमणे. तिनं सभेची वही उपाध्यक्ष अमिनाबींकडे सरकवली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "माह्या पोराचा अर्ज हाये. मी बाहेर जातो."

खेमसिंगनं हात आडवा केला. एवढ्याशा गोष्टीसाठी कायले उठता, सगळे आपलेच लोक आहेत, असं त्याचं म्हणणं. धुरपताबाई त्याच्याकडे पाहून हसली. ज्या नियमामुळे ती उठली होती तो नियम खेमसिंगमुळेच झाला होता, हे खोलीतल्या सगळ्यांना ठाऊक होतं. तिनं चपला पायात सरकवल्या आणि बाहेर पडून दार ओढून घेतलं.

एकजूट ग्राहक सहकारी भांडार राळेगावपासून अर्ध्या तासावरच्या एका बाजारगावात आहे. पुढं दुकान, मागं गोदाम, त्याला लागून छोटी दालमिल आणि वर पत्र्याची एक खोली, तीत कमिटी बसते. सभासद सहाशेच्या वर. गावातले, आजूबाजूच्या अकरा खेड्यांतले आणि बंजारा तांड्यांवरचे. त्यांच्याच शेतातली तूर इथं येते, डाळ होऊन त्यांच्याच घरी जाते. कोणाकडे एक शेअर असो की वीस, मत एकच. हे सभासद नऊजणांची कमिटी निवडतात, कमिटी व्यवस्थापक नेमते आणि महिन्याच्या महिन्याला त्याला जाब विचारते.

एकोणीस वर्षांपूर्वी यातलं काहीच नव्हतं. धुरपताबाई तेव्हा कापूस वेचायला रोजानं जायची. अमिनाबी एसटी स्टँडजवळ भाकरी-भाजी विकायच्या. बाजारातल्या एका दुकानातली ज्वारी अशी खड्यांची यायची की अमिनाबींच्या एका गिऱ्हाइकाचा दात पडला. त्या भांडायला दुकानात गेल्या, तर तिथं त्याच पोत्यातली ज्वारी ओंजळीत घेऊन तांड्यावरची धुरपताबाई आधीच भांडत उभी होती. दुकानदारानं दोघींनाही हाकललं. दोघी बाहेर येऊन पायरीवर बसल्या. त्या महिन्यात पंधरा घरांनी मिळून एका शेतकऱ्याकडून सरळ ज्वारी आणली. भांडाराची सुरुवात ती.

नोंदणी झाल्यावर पहिला अध्यक्ष खेमसिंग झाला. माणूस धडपड्या होता, पण त्यानं वजनकाट्यावर पुतण्या बसवला, मिलवर मेहुणा आणि गोदामात जावई. मग डाळीत टोके, किडे निघाले तरी कोणी कोणाला विचारेना. लोक भांडारात यायचे कमी झाले. तेव्हा वार्षिक सभेत धुरपताबाई उभी राहिली. तिला नुकतीच सही करता येऊ लागली होती. ठराव तिनं तोंडी सांगितला आणि दुसऱ्यानं लिहून घेतला. कमिटीतल्या कोणाच्या नातेवाइकाचा विषय निघाला की त्या सभासदानं खोलीबाहेर जावं, मत देऊ नये. ठराव मंजूर झाला. पुढच्या निवडणुकीत खेमसिंग पडला, त्याच्या पुढच्या वेळी साधा कमिटी सदस्य म्हणून निवडून आला. राग धरला असेल, तर त्यानं तो दाखवला नाही.

आता धुरपताबाई जिन्याखाली ठेवलेल्या बाकावर बसली होती. खरं सांगायचं तर बाहेर येणं तिला जड गेलं नव्हतं. सकाळीच तिनं बोटांवर माणसं मोजली होती. खेमसिंग, नानाजी, विमलताई, खेड्यांवरचे दोघं आणि अमिनाबी. आठातले सहा जीवनच्या, तिच्या पोराच्या, बाजूचे. तिच्या मतावाचून काही अडणार नव्हतं.

आणि जीवन होताही तसाच. एकतीस वर्षांचा. सहा वर्षं पुण्याच्या एका गोदामात मालाची आवकजावक सांभाळलेला. ती कंपनी बंद पडली आणि चौदा महिन्यांपासून तो बायको आणि लहान मुलीला घेऊन तांड्यावर होता. या चौदा महिन्यांत त्यानं भांडाराचा संगणक फुकट लावून दिला होता, कुठली तूर कोणत्या खेड्यातून आली ते पोत्यावर लिहायची पद्धत घालून दिली होती. दुसरा अर्ज ममता टेकाम नावाच्या मुलीचा होता. झरी जामणीकडची, बी.कॉम. झालेली, तिकडं मोहफूल आणि चारोळी गोळा करणाऱ्या बायकांची एक संस्था तिनं तीन वर्षं चालवली होती. मुलाखतीत ती कमी बोलली, पण जे बोलली ते नेमकं. धुरपताबाई मुलाखतीलाही बाहेरच बसली होती. ममता कशी बोलली, हे तिला नंतर कळलं होतं.

अर्धा तास झाला. वरून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मग जिन्यावर काठी वाजली आणि नानाजी खाली आले. कमिटीतले सगळ्यात म्हातारे तेच. ते बाकावर तिच्या शेजारी टेकले.

"चिठ्ठ्या टाकल्या," ते म्हणाले. "चार-चार झाले."

धुरपताबाईला आधी ते कळलंच नाही. सहा कुठं गेले, हे तिच्या ओठांवर आलं होतं. ते तिनं गिळलं.

नानाजी हळू आवाजात समजावू लागले. समान मतं पडली की अध्यक्षाचं एक मत जास्तीचं, असं पोटनियमात आहे. ती आत आली, नुसती खुर्चीवर बसली, तरी कोणी हरकत घेणार नाही. खेमसिंगनंच त्यांना पाठवलं होतं. पोरगा चांगला आहे, हे तर सगळ्यांनाच मान्य आहे. दोन मिनिटांचं काम.

धुरपताबाईनं जिन्याकडे पाहिलं. अकरा पायऱ्या होत्या. तिला जीवनची मुलगी आठवली, तिला पुण्यातल्या शाळेतून काढून आणलं होतं. तिला देवीलाल आठवला. तिचा नवरा, बकऱ्या घेऊन निघताना आज सकाळी म्हणाला होता की संध्याकाळी येताना पेढे आण.

"ठराव माहाच हाये, नानाजी," ती शेवटी म्हणाली. "सोपं होतं तवा बाहेर आली अन् अवघड झालं त आत गेली, असं कसं करू? खुर्चीवर आता अमिनाबी हायेत. त्याईचंच मत खुर्चीचं."

नानाजी काठी टेकत वर गेले. पाच मिनिटांत तिला बोलावणं आलं. अमिनाबी खुर्चीवरून उठून आपल्या जागेवर जाऊन बसल्या होत्या आणि खाली पाहत होत्या. वहीत निकाल लिहिलेला होता. व्यवस्थापक म्हणून ममता टेकाम यांची नेमणूक, अध्यक्षांच्या निर्णायक मताने. धुरपताबाईनं तो मोठ्यानं वाचला. तिला वाचायला वेळ लागायचा, आजही लागला. मग तिनं नेमणुकीच्या पत्रावर सही केली, एकेक अक्षर सुटं काढून, आणि विषय क्रमांक पाच पुकारला. तो मिलच्या पत्र्यांचा होता.

घरी सांगायला शब्द जुळवावे लागले नाहीत, बातमी तिच्या आधी तांड्यावर पोचली होती. देवीलाल जेवून उठला आणि बाहेर खाटेवर जाऊन पडला. पुढचे आठ दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला. जीवननं मात्र तिला पाणी दिलं, तिचं जेवण होऊ दिलं आणि मग समोर बसून विचारलं, "याडी, तू आत असती त?"

आईला ते घरात याडीच म्हणत.

"आत असती त तुलेच देल्लं असतं."

"मंग?"

"म्हनून त बाहेर होती."

पंधरा दिवसांनी राजूरला कोळसा वाहतुकीच्या एका कंत्राटदाराकडे जीवनला काम मिळालं. ट्रक भरून निघाले की नोंद करायची. बायको-मुलीला तांड्यावर ठेवून तो एकटाच गेला. एसटीत बसेपर्यंत धुरपताबाई त्याच्याबरोबर होती. त्यानं खिडकीतून हात केला, पण गाडी वळायच्या आधीच मान आत घेतली.

अमिनाबी त्या दिवसांत भांडाराकडे फिरकल्या नव्हत्या. गुडघे दुखतात असा निरोप होता. स्टँडवरून परतताना धुरपताबाई सरळ त्यांच्या घरी गेली. अमिनाबींची सून आरिफा दारात आली आणि तिला पाहून क्षणभर घोटाळली. आतून अमिनाबींनीच हाक मारली. चहा आला. ज्या घरात जीवननं दर ईदला शीरखुर्मा खाल्ला, ज्या बाईनं त्याला तापात रात्रभर मांडीवर घेतलं होतं, तिथं विचारायचं कसं हे धुरपताबाईला समजत नव्हतं. विचारावं लागलं नाही.

"चिठ्ठी मी जीवनच्याच नावानं टाकली होती," अमिनाबी म्हणाल्या. "खुदा साक्षी हाये. ते मत माहं होतं. मंग चार-चार झाले अन् नानाजी येऊन म्हने, बाई येत नाईत, खुर्ची तुमची हाये. तवा मले वाटलं, आता जे देईन ते अमिनाचं नाई. खुर्चीचं हाये."

अमिनाबींनी रिकामी कपबशी खाली ठेवली.

"जीवन लाखात एक पोरगा हाये. पन उद्या त्याच्या हातून काही चुकलं, त तुमी इचारसान त्याले? इचारसान, मले माहीत हाये. पन सहाशे लोकं मानतीन का? खेमसिंगच्या टायमाले आपन मानलं होतं का?"

धुरपताबाईला राग होता, आणि तो खोटा नव्हता. पण उठताना तिनं अमिनाबींना सांगितलं की मंगळवारी बैठक आहे, नवीन मॅनेजर पहिल्यांदा हिशेब सांगणार आहे आणि तुम्ही नसलात तर तिला प्रश्न कोण विचारणार. मंगळवारी अमिनाबी काठी घेऊन आल्या.

ममता टेकाम भांडाराच्या मागच्या गल्लीत खोली घेऊन राहिली. पहिल्या आठवड्यात तिच्याशी कसं बोलावं हे धुरपताबाईला जमेना. मग एका सकाळी तूर घेऊन गाडी आली, आणि पोरगी मशीन लावून ओल तपासू लागली. धुरपताबाईनं चार दाणे उचलून दाढेखाली धरले आणि सांगितलं की या पोत्यांना अजून दोन दिवस ऊन लागेल. मशीननंही तेच दाखवलं. ममतानं मग स्वतःच चार दाणे तोंडात टाकले आणि कसं ओळखायचं ते विचारलं. धुरपताबाईनं शिकवलं. शिकवताना तिच्या लक्षात आलं की मुलगी एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारत नाही.

जुलैत दालमिल बंद पडली. दगडाचे रोल झिजले होते, नवे यायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस सभासदांनी बाजारातून डाळ घेतली आणि जाता-येता टोमणे मारले. देवीलालनंही एक मारला.

सप्टेंबरात वार्षिक सभा भरली. शाळेचं सभागृह, खाली सतरंज्या, अडीचशेच्या वर माणसं. अहवाल वाचून झाल्यावर अध्यक्षांनी, म्हणजे धुरपताबाईनं, कोणाला काही विचारायचं आहे का असं विचारलं. मागून पाचव्या रांगेत एक माणूस उभा राहिला. जीवन होता. तो सुट्टीवर आला आहे हे तिला माहीत होतं. सभेला येईल असं त्यानं घरी सांगितलं नव्हतं.

बाजूला बसलेल्या ममतानं मांडीवरची फाईल घट्ट धरली. खेमसिंग पुढं सरकून बसला. आता पोरगा जुनं काढणार, असं सगळ्यांच्याच तोंडावर होतं.

जीवननं आपला सभासद क्रमांक सांगितला. मग विचारलं की मिल तीन आठवडे बंद राहिली ती काहून, आणि रोल झिजल्याचं आधी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं का.

व्यवस्थापकानं उत्तर द्यावं असं कोणीतरी म्हणालं. ममता उठू लागली. धुरपताबाईनं तिला हातानं बसवलं आणि स्वतः उभी राहिली.

"सभासद जीवन देवीलाल राठोड यायनं बरोबर इचारलं," ती म्हणाली. "मॅडमनं मे महिन्यातच कागद देल्ला होता, रोल बदला म्हनून. कमिटीनं तो दोन बैठका पुढं ढकलला. त्या दोनी बैठकीत मी अध्यक्ष होती. चूक मॅडमची नाई. कमिटीची हाये, अन् पहिली माही."

एवढं बोलून ती उभीच राहिली, अजून काही विचारायचं असेल म्हणून. जीवननं थोडा विचार केला. त्याचा चेहरा राजूरच्या उन्हानं काळवंडला होता आणि तो तिच्याकडे सरळ पाहत होता. दरवर्षी एप्रिलच्या बैठकीत मिलची तपासणी हा विषय घेतलाच पाहिजे, असा ठराव त्यानं मांडला. अनुमोदन कोणाचं, असं विचारल्यावर पुढच्या रांगेतून काठी वर झाली. अमिनाबी होत्या.

ठराव मतांना टाकला गेला. हात वर झाले. मोजायचं काम अध्यक्षाचं. धुरपताबाई मंचावरून उतरली, मागच्या भिंतीपर्यंत चालत गेली आणि शेवटच्या रांगेपासून एकेक हात मोजत पुढं येऊ लागली. पाचव्या रांगेत जीवनचा हात होता. तो तिनं मोजला. त्याला धरून त्र्याहत्तर झाले. ती पुढच्या रांगेकडे वळली.