सिरसाळ्याची फुटबॉलपट्टी

सिरसाळ्याच्या बाजारात रामहरी आडत्याच्या शब्दाला वजन होतं. त्याच्या तराजूतल्या वजनांपेक्षा ते खरं होतं, असं लोक म्हणत. कापसाची आडत, दारात बैलांची दमणी, डोक्याला पांढराफेक रुमाल. उणीव एकच: सरकारदरबारी त्याला कुणी ओळखत नव्हतं.

ती भरून काढायला फुटबॉल आला. निजामाच्या राज्यातल्या एका जागीरदाराला शिकारीचा कंटाळा आला, तेव्हा त्याने सिकंदराबादेहून अकरा गडी तनख्यावर आणले आणि दोन वर्षं सिरसाळ्याच्या गायरानात सामने लावले. चेंडू नेमका कुठं न्यायचा हे गावाला कळायला एक वर्ष गेलं. पण कळल्यावर पाच कोसांवरून माणूस लोटू लागलं.

एके सकाळी जागीरदाराचा मुनशी चाँद आडतीवर आला. त्यानं पान नाकारलं, तेव्हाच मामला गंभीर आहे हे रामहरीनं ओळखलं.

“शेठ, जागीरदार सरकार नाराज हायेत. मेहमान बैलगाडीवर बसून सामना बघतात! दगडी पायऱ्या पायजेत, चारी बाजूंनी भिंत पायजे, मंजे तिकीट लावता येईल. धर्मापुरीवाले बांधून द्यायला तयार हायेत, मग सामने तिकडंच.”

पिढीजात चुरस असलेल्या शेजारच्या धर्मापुरीचं नाव निघताच रामहरीला पान कडू लागलं.

“तिकिटाचा पैसा?”

“सरकारांचा. गडी कुणाचे?”

“आन् भितीची डागडुजी?”

“गावाची. भीत कुणाची?”

हा न्याय रामहरीला पटला, कारण मुनशीनं लगेच सांगितलं की जागीरदारांच्या डाव्या हाताची खुर्ची रामहरीशेठची. जाताना तो दौऱ्याच्या खर्चाचे पन्नास रुपये घेऊन गेला.

चावडीवर सभा भरली. “दर सामन्याला दोन हजार मानूस,” रामहरी गरजला. “मानशी एक आना खर्चला तरी बघा! समदा पैसा गावातच ऱ्हानार.”

बाजारात भजी तळणारी सुंदरबाई मागून म्हणाली, “दादा, सामन्याला माजी भजी लई खपतात, खरं हाय. पन तीच मानसं मग बाजाराला फिरकत न्हाईत. आना एकच हाय. तो तिकिटात गेला तर भज्याला कुठून येनार?”

सभा खो खो हसली. बाईमाणसाला फुटबॉलातलं काय कळतंय? ठराव झाला: बाजारात येणाऱ्या दर गाडीमागं दोन आणे फुटबॉलपट्टी. शिवाय आडाचा गाळ काढायला जमवलेली वर्गणीही तिकडंच वळवायची.

भिंत कमरेएवढी झाली तोवर गाडीवाले सिरसाळा टाळून परळी गाठू लागले. पट्टी कमी जमली म्हणून ती चार आणे केली; गाड्या आणखी आटल्या. आडात चिखल उरला, बायका ओढ्यात झरे उकरू लागल्या. रामहरीच्या आडतीवर माश्या बसायच्या, त्याही परळीला जायच्या बेतात होत्या. अशात मुनशी पुन्हा आला. धर्मापुरीनं पायऱ्यांवर पत्र्याचं छत घातलं होतं म्हणे. पुन्हा पन्नास रुपये गेले.

आपलं छत त्यांच्याहून हातभर उंच हवं, म्हणून माप घ्यायला रामहरी दमणी जुंपून स्वतः धर्मापुरीला गेला. तिथं कमरेएवढी भिंत होती आणि अर्धवट पायरीवर गावचा मोठा व्यापारी धर्मराज डोकं धरून बसला होता.

“छत कुठं हाय तुमचं?”

“आमचं? छत तर तुमी घातलं ना? मुनशी म्हनला, कोसभरावरून चमकतंय. आमी सागवान मागवलंय!”

दोघांनी मुनशीला दिलेले रुपये बोटांवर मोजले. मग एकाच दमणीत बसून जागीरदाराकडं निघाले.

वाटेत बोचकी घेतलेले अकरा गडी समोरून चालत आले. पुढं गोलवर उभा राहणारा रहमतुल्ला होता.

“सात महिने तनखा न्हाई, शेठ. सरकारांना आता मोटारीचा शौक लागलाय. आमी चाललो सिकंदराबादेला.”

“मग मुनशी आमच्याकडं कावून येतोय बे?” रामहरीनं विचारलं.

“त्याला बी तनखा न्हाई.”

धर्मराज हसला की रडला ते रामहरीला कळलं नाही. धर्मराजाला त्याच्या गावी सोडून रामहरी परतला. ‘चुकलं माझं, गावाचा पैसा बुडाला’, एवढंच वाक्य त्यानं वाटभर घोकलं.

गडी गेल्याचं कळून चावडीवर सारा गाव जमला होता. रामहरी उभा राहिला, वाक्य ओठांवर आलं, इतक्यात म्हातारा सटवा ओरडला, “गडी धर्मापुरीला गेले का?”

“न्हाई,” रामहरी म्हणाला. ते खरंच होतं. “धर्मापुरीला न्हाई मिळाले.”

मग कुणीतरी मुंडासं उडवलं, हलगी कडाडली, साखर वाटली गेली, आणि गावानं रामहरीला खांद्यावर घेतलं. धर्मापुरीचं नाक कापलं! वर अधांतरी त्याला लाज वाटत होती, आणि बरंही वाटत होतं. तिकडं धर्मापुरीतही त्याच दिवशी धर्मराजाची मिरवणूक निघाली, हे त्याला पुढं कळलं.

खाली उतरल्यावर सुंदरबाई समोर आली. “दादा, आता पट्टी उठवा की.”

“उठवू,” रामहरी रुमाल सावरत म्हणाला. “पन भितीला राखन नको? दगड चोरीला जातील.”

पट्टी तीन आण्यांवर आली. ती वसूल करायला अनुभवी माणूस हवा होता. पुढच्या बाजारच्या दिवशी वेशीत मुनशी चाँद बसला होता. त्या दिवशी त्यानं पान घेतलं.