प्रभुभोजनाचा एकच पेला

मी एक जुना तांब्याचा पेला आहे. बाहेरून चकचकीत दिसतो, पण त्यावर जाऊ नका, मित्रांनो. मनातून मी फार वैतागलो आहे.

१९१२ साली धानोऱ्याच्या छोट्या चर्चसाठी मला नंदुरबारच्या बाजारातून आणलं. चर्च म्हणजे कुडाच्या भिंती आणि वर कौलं. महिन्यातून एका रविवारी प्रभुभोजन असे. आधी भाकरीचा तुकडा वाटला जाई, मग मनुकांचा रस भरून मी हातोहात फिरत असे. दुसरं भांडंच नव्हतं. चटईवर जो जिथे बसला असेल तिथे मी पोचायचो, आणि सगळ्यांचं झालं की पाळक नथ्थू उरलेलं पिऊन मला पुसायचे. ज्या गावात कोणी कोणाच्या घागरीला शिवायचं हेसुद्धा ठरलेलं होतं, त्या गावात माझ्या कडेला सगळ्यांचे ओठ लागत. मला त्याचा गर्व होता. खोटं कशाला बोलू?

दर नाताळाआधी रमजान कलईवाले येत. पहिल्या वर्षी त्यांनी मला उलटसुलट करून विचारलं, "इतने लोग पीते इसमें? फिर कलई मोटी लगानी पड़ेगी." आणि खरंच जाड कलई लावली.

मग वीस वर्षांत चर्चला विटांच्या भिंती आल्या, पुढे बाकं आली. मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली मंडळी बाकांवर बसू लागली. शेतमजूर मागे चटईवरच राहिले. त्यांना कोणी तसं सांगितलं नव्हतं, पण या म्हणूनही कोणी बोलावलं नाही. नाताळाच्या जेवणात पहिल्या पंगतीला कोण, यावरून रुसवेफुगवे होऊ लागले. नथ्थू पाळक मला पुसताना पुटपुटत, "आपन ख्रिस्ती व्हयनूत का सायेब व्हयनूत?"

एके दिवशी शाळेचे मगन मास्तर चर्चच्या पंचांच्या बैठकीत म्हणाले, "पाळकसाहेब, जग पुढे गेलं. एकमेकांचं उष्टं पिण्यानं रोग पसरतात. मुंबईहून काचेचे छोटे पेले मागवू."

रोग म्हणे! हेच मास्तर दवाखान्यातल्या कंपाउंडरबरोबर एका बशीतून चहा पीत, तेव्हा रोग कुठे जात होता? खरं दुखणं वेगळं होतं. त्या वर्षी फुलवंताबाई ख्रिस्ती होऊन मंडळीत आली होती. तोरणमाळच्या डोंगरातली भिलीण, गुजर जमीनदारांच्या शेतात कापूस वेचणारी. एकदा मी तिच्या हातून मास्तरांच्या बायकोकडे, मंगलाबाईंकडे गेलो, आणि त्यांनी मला ओठाला न लावताच पुढे ढकललं. मी पाहिलं ना! आणि गंमत बघा, मास्तरांचा बापही त्याच डोंगरातून खाली उतरला होता.

पाळक खूप भांडले. पण पंचांचे हात वर झाले आणि ते एकटे पडले. काचेचे पेले आले ते बाकांपुरतेच. चटईला मी. जो मी सगळ्यांचा होतो, तो आता 'तिकडचा' झालो. मंगलाबाई भर चर्चमध्ये म्हणाल्या, "तो पेला तिकडेच राहू द्या. त्यांना चालतो." फुलवंताबाईनं ते ऐकलं. तिनं मान खाली घातली.

पुढच्या प्रभुभोजनाला पाळक मला घेऊन तिच्यापुढे वाकले. तिनं हात पुढे केला नाही. पदराखालून जर्मन धातूचा एक पोचे पडलेला ग्लास काढला.

"फुलवंताबाई, हाई काय शे?"

"पाळकबाबा, मन्हं भांडं मी संगे लई उनू. यामा ओता. कोनले तरास नको."

ती रागावली नव्हती. तिला वाटलं, ख्रिस्ती माणसांची रीतच अशी असते, आणि आपल्याला ती इतके दिवस कळली नाही! पाळकांनी बाकांकडे पाहिलं. एकजण तरी उठेल, नको म्हणेल, असं त्यांना वाटलं असावं. मलाही वाटलं. पुढून मगन मास्तरांचा आवाज आला, "शहाणी बाई आहे."

पाळकांनी ओतलं. काय करणार? पुढच्या महिन्यात चटईवरचा प्रत्येकजण घरून भांडं घेऊन आला.

आता मी चर्चमधल्या टेबलावर असतो. दर शनिवारी मला चिंच लावून घासतात, माझ्यात फुलं ठेवतात आणि पाहुण्यांना सांगतात, हा आमच्या एकीचा पेला. आतली कलई कधीच उडाली आहे, पण आत कोण बघतो?

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं तुम्हाला सगळे सांगतात. मी सांगतो, मला जपू नका. ती फुलं काढा, कलई लावून आणा आणि मला फुलवंताबाईच्या हातात द्या. तिला आधी पिऊ द्या. मग तिच्यामागून तुम्ही प्या.