वहिनींनी घर आवरलं

माझे डोळे जाऊन जमाना झाला, पण घरमालकांना माझी काळजी वाटायला लागली ती गेल्या महिन्यात. म्हणे, बाई एकटी, वय झालेलं, त्यात दिसत नाही. एखाद्या दिवशी गॅसनं इमारत पेटवेल. त्यापेक्षा वृद्धांच्या वसाहतीत जावं. तिथं जेवण आयतं, नर्स हाकेच्या अंतरावर. ज्याला आवडेल त्यानं खुशाल जावं. मला माझंच घर हवं होतं. मालकांनी भाडेकरू कचेरीत तक्रार ठोकली आणि तिथल्या अधिकारी बाई पाहणीला येणार असं ठरलं. मी एकटी नीट राहू शकते हे त्यांना पटलं नाही, तर मला घर सोडावं लागणार होतं.

मी निर्धास्त होते. माझ्या घरात चहाचा डबा ओट्याच्या उजव्या टोकाला, साखर त्याच्या मागे, स्टूल दाराआड. हात जाईल तिथं वस्तू सापडायची.

घोळ घातला माझ्या वहिनींनी. पाहुणी सरकारी, म्हणून त्या सकाळीच हजर झाल्या. मला खाली उन्हात बसवलं आणि वर जाऊन एकटीनं घर आवरलं. मला अवाक्षर सांगितलं नाही.

मालक आणि अधिकारी बाई आल्या, तशी मी त्यांच्याबरोबर वर आले. मी म्हटलं, आधी चहा टाकते, आणि तोऱ्यात स्वयंपाकघरात शिरले. पहिल्याच पावलाला स्टूल नडगीवर आदळलं. चहाच्या डब्याला हात घातला तर तिथं फुलदाणी. ती आडवी झाली आणि पाणी माझ्या पायांवर आलं. काडेपेटी तर कुठं सापडेचना.

"बघितलंत?" मालक म्हणाले.

मला रडू येत होतं. स्वतःच्या घरात मी परक्यासारखी उभी होते. मग डोकं फिरलं.

"वहिनी, घर आवरलंत?"

"हो वन्सं," बारीक आवाज आला. "म्हटलं, चारचौघांत छान दिसावं."

मी अधिकारी बाईंकडे वळले. "बाई, वस्तू हलल्या की मी अशी होते. नव्या जागी पाठवलंत तर या वयात मला सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल. मी रोज कशी राहते ते बघायचं असेल तर थोडं थांबा."

त्या थांबल्या. मी ओरडत होते आणि वहिनी मुकाट्यानं एकेक वस्तू जागेवर नेत होत्या. मग मी चहा केला. थेंब सांडला नाही. मालकांनाही कप दिला.

"दिसत नाही हे घर सोडायला लावायचं कारण होत नाही," चहा पिता पिता अधिकारी बाई त्यांना म्हणाल्या. "वसाहतीत जायचं की नाही ते या ठरवतील. आणि न्हाणीघरात धरायला दांडा बसवायची परवानगी मागितलीय यांनी, ती का अडवलीत?"

मालकांना चहा एकदम गरम लागायला लागला.

सगळे गेल्यावर वहिनी हुंदके द्यायला लागल्या. त्यांच्यामुळे माझं घर जात होतं, हेच पालुपद. मी त्यांना जवळ घेतलं.

"अहो, नुसता चहा बघून त्यांना काय कळलं असतं? घर गेल्यावर माझं काय होईल, ते आज तुम्ही त्यांना दाखवलंत."