यादीत नसलेली वस्तू

माझ्या आईच्या गाठोड्यात सतरा वस्तू होत्या. मला त्या आजही पाठ आहेत. आम्ही तेव्हा बाजारपेठेतल्या बुटांच्या दुकानाच्या पायरीवर झोपायचो. दुकानाचा मालक हाच व्यापारी संघाचा सचिव. एका सकाळी आई आणि मी नळावर तोंड धुवायला गेलो, आणि तेवढ्यात त्यानं आमचं गाठोडं कचऱ्याच्या गाडीत टाकायला लावलं. आम्ही धावत आलो तेव्हा गाडी कोपऱ्यावरच होती.

"साहेब, त्यात माझी शाल आहे," आई म्हणाली. "पितळी डबा आहे. धाकट्याचा फोटो आहे, एवढा एकच आहे हो." बोटांवर मोजत मोजत ती सतरापर्यंत गेली. तो घड्याळ बघत होता.

"झाली यादी? सातनंतर फुटपाथवर दिसतं तो कचरा. कचऱ्याची यादी नसते, बाई."

तोवर गाडी निघून गेली होती. मी शेजारी मूग गिळून उभी होते. त्याची लाज अजून वाटते.

आई त्यानंतर चार महिने जगली. शेवटी शेवटी झोपेतही बोटं मोजायची. तेव्हाच मी ठरवलं, एक दिवस हा माणूस माझ्यापुढं उभा राहून अशीच यादी म्हणेल. लोक देवाकडे काय काय मागतात. मी एवढंच मागत होते.

पुढं लोकांची गाठोडी नेणाऱ्या त्या गाडीचा फोटो वर्तमानपत्रात आला, संघाची छी-थू झाली आणि संघाला एकाएकी पाझर फुटला. माझ्यासकट फुटपाथवरच्या बारा जणांना पिवळी जाकिटं घालून पेठेच्या सफाईवर घेतलं. शौचालयाशेजारची खोली आमच्यासारख्यांचं सामान ठेवायला दिली. खोलीच्या दारात उभं राहून सचिवानं फोटो काढून घेतला. वर्षभरात त्यानंच मला मुकादम केलं आणि खोलीची किल्ली हातात दिली. त्यानं मला ओळखलं नव्हतं. पायरीवर झोपणाऱ्याचं तोंड कधी बघितलं असेल तर ओळखणार ना!

खोलीचे नियम मात्र त्यानं स्वतः बसून लिहिले. "ही माणसं एकमेकांचं लाटतात. डोळ्यांत तेल घालून बघ," असं मला बजावलं. सातनंतर बेवारस दिसेल ते उचलायचं. मुकादमानं ते उघडून आतली प्रत्येक वस्तू वहीत लिहायची. मागणाऱ्यानं रांगेत उभं राहून सगळ्या वस्तू तोंडी सांगायच्या. जी सांगता येणार नाही ती मिळणार नाही, आणि तीस दिवसांनी ती गरजूला द्यायची. खाली त्याची झोकदार सही. कागद मी भिंतीला चिकटवून ठेवला होता.

आमचं काम सहाला सुरू होतं. मी झाडू हातात घेण्याआधी सुईवाल्या आजीकडे जाते. ती बुटांच्या दुकानासमोर कट्ट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांची बटणं लावून देते. टाका हाताला कळतो, पण सुईचं नेढं डोळ्याला दिसत नाही. मी रोज दहा सुयांत दोरा ओवून तिच्या पदराला टोचून ठेवते. दहा संपल्या की तिचा दिवस संपला.

दुकानाचं नूतनीकरण निघालं त्या आठवड्यातली गोष्ट. कामगारांनी माळा रिकामा केला, एक पत्र्याची पेटी फुटपाथवर ठेवली आणि चहाला गेले. सातला पाच कमी होते.

माझा कामावरचा जोडीदार रेडिओ. तोंड कधी बंद नसतं म्हणून हे नाव. पेटीवरचं नाव वाचून तो म्हणाला, "ताई, ही साहेबांच्या आईची पेटी दिसते. त्यांना फोन लावू?"

"सात वाजले?"

"पाच मिनिटं आहेत."

"मग थांब पाच मिनिटं."

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच गप्प बसला. सातच्या ठोक्याला आम्ही पेटी हातगाडीवर चढवली. कचऱ्याच्या गाडीत टाकून चिरडून टाकायचं मनात आलं नाही असं नाही. पण मला यादी हवी होती.

खोलीत पेटी उघडली. चौदा वस्तू निघाल्या. तळाशी जाड काचांचा एक चष्मा होता, एक काडी निळ्या दोऱ्यानं बांधलेली. सगळं वहीत लिहिलं.

साडेनऊला सचिव घामाघूम होऊन आला. रांगेत पाच जण होते. तो सरळ खिडकीशी आला.

"अगं, माझी पेटी उचलून आणलीस? दे इकडे."

"रांगेत या, साहेब."

"पेटी माझी आहे, तुला ठाऊक आहे!"

"मला ठाऊक आहे, पण तुमच्या नियमाला कुठं ठाऊक आहे?"

रांगेतलं कुणीतरी फिस्सकन हसलं. त्यानं भिंतीवरचा कागद बघितला, स्वतःची सही बघितली आणि मागं जाऊन उभा राहिला. त्याच्या पुढचा माणूस आपली चादर, साबण आणि तुटकी छत्री म्हणून दाखवत होता. मी मुद्दाम सावकाश लिहीत होते.

त्याची पाळी आली. "एक गुलाबी शाल," तो म्हणाला. "पत्रांचा गठ्ठा. बाबांचं पेन. लग्नातला फोटो." बोलता बोलता त्याची बोटं आपोआप मोजायला लागली. लहानपणीच्या बुटांवर आला तेव्हा आवाज फाटला. "माझे पहिले बूट आहेत. आईनं जपून ठेवलेत." मला भडभडून आलं. खोटं कशाला सांगू, क्षणभर वाटलं, जाऊ दे, देऊन टाकावी पेटी. मग आईची बोटं आठवली.

तेरापर्यंत येऊन तो थांबला.

"आणि?" मी विचारलं.

"झालं. एवढंच."

"नीट आठवा, साहेब. आईच्या वस्तू आहेत."

त्यानं डोळे मिटले, कपाळ चोळलं. रेडिओ माझ्या खांद्यावरून वही वाचत होता. त्याला मी कोपरानं ढोसलं.

"नाही, झालं सगळं. दे आता."

मी तेरा वस्तू घालून पेटी खिडकीतून सरकवली. त्यानं उघडूनही पाहिलं नाही, वहीत 'सर्व सामान मिळाले' असं लिहिलं आणि सही ठोकली.

तो गेल्यावर रेडिओ म्हणाला, "ताई, सांगायला हवं होतं."

"माझ्या आईला सतराच्या सतरा पाठ होत्या," मी म्हटलं.

चष्मा मी फळीवर ठेवला, चिठ्ठी लावून. तीस दिवस रोज पुसला. तो येऊन "अरे, आईचा चष्मा राहिला" म्हणाला असता तर मी दिला असता. मी नियम मोडणारी बाई नाही. तो आला नाही. एकतिसाव्या सकाळी मी चष्मा सुईवाल्या आजीच्या नाकावर चढवला. तिनं सुई उचलली आणि पहिल्या फटक्यात दोरा ओवला. मग दुसरी, मग तिसरी. "अगंबाई," म्हणत ती नुसती ओवतच राहिली.

दुकान नव्यानं उघडलं त्या दिवशी सचिव पावणेसातलाच बाहेर उभा होता. कडक इस्त्री, नवी काच, नवी पाटी. मी समोरचा फुटपाथ धूत होते. तो चालत कट्ट्यापाशी गेला आणि आजीपुढं घड्याळ नाचवलं.

"उठा आजी, सात वाजतायत. जागा रिकामी करा."

आजीनं मान वर केली. त्याच्या आईच्या काचांतून, निळ्या दोऱ्याच्या काडीआडून, तिनं त्याच्याकडे चांगलं टक लावून बघितलं.

त्याला ती नुसती अडचण दिसली. "कळलं ना?" म्हणाला आणि पाठ फिरवून नव्या काचेवरचा डाग रुमालानं पुसायला लागला.