दोन टाळ्यांची जागा

दणक्याला बोलावणं आलं ते फोनवर, आणि फोन उचलला त्याच्या बायकोनं. घरातला फोन ती दुसऱ्या कुणाला उचलू देत नसे. नवऱ्याचा एक कान गेलेला, आणि सुनेला कुणाशी किती बोलावं हे कळत नाही, असं तिचं म्हणणं.

"काका आहेत का? आम्ही त्यांच्या बँडची गाणी वाजवतो," पलीकडून एक तरणा आवाज म्हणाला.

"त्यांच्या बँडची गाणी त्यांचा बँड वाजवायचा. तुम्ही कोण?"

"आम्ही हुबेहूब तसेच वाजवतो. दिसतोही तसेच."

"बरं. म्हणजे नकला करता."

पलीकडचा हसला. हसला म्हणून तिनं फोन ठेवला नाही.

बँडमध्ये चौघं होते. नवरा ड्रमवर असा काही तुटून पडायचा की बाकीच्या तिघांनी त्याचं नाव पाडलं दणक्या, आणि त्याच तिघांनी तिला वहिनी म्हणायला सुरुवात केली. पुढं सगळी गल्ली तिला वहिनी म्हणू लागली, तिच्यापेक्षा वयानं मोठ्या बायकासुद्धा. बँड केव्हाच मोडला. गायक दारूनं गेला, गिटारवाला वयानं गेला, आणि तिसरा लेकीकडं परदेशात आहे, पण आपण कोण हेच त्याला आठवत नाही. दणक्यानं उरलेली सगळी नोकरी लिफ्ट दुरुस्त करण्यात काढली. लोकांना वर नेलं, खाली आणलं, आपण मधेच लटकत राहिला.

त्यांचं एकच गाणं जगलं. ते रेकॉर्ड झालं एका छापखान्याच्या तळघरात. पंख्याची घरघर माइकमध्ये येते म्हणून पंखा बंद, चौघं घामानं निथळलेले. शेवटच्या ध्रुवपदाच्या आधी दणक्यानं एक रोल, दोन्ही काठ्यांचा सलग कडकडाट, बसवला होता. घरातल्या उशा बडवून बडवून बसवला होता. उशांतून उडालेला कापूस वहिनीनं वेचला होता. आणि नेमका तिथं पोचला तर घामानं उजव्या हातातली काठी सुटली ती थेट भिंतीला. भिंतीला गोधड्या मारलेल्या, त्यामुळं तिचा आवाजसुद्धा झाला नाही. बाकीचे थांबले नाहीत. दणक्यानं दुसरी काठी उचलेपर्यंत गाण्याला भोक पडलं. तो म्हणाला, पुन्हा घेऊ. पण दाराशी दुसरी पार्टी वाद्यं काखोटीला मारून उभी होती. होतं तसं गेलं.

नंतर जेवढे कार्यक्रम झाले तेवढ्यांत त्यानं तो रोल वाजवला. पण कार्यक्रमाला असायचं कोण? टाळ्या वाजवायच्या तर खुर्च्यांनीच.

मग बँड मोडून जमाना झाल्यावर कुण्या बूटवाल्यानं ते गाणं जाहिरातीला घेतलं, आणि पोरं त्यावर वेडी झाली. त्यातही सगळ्यात जास्त त्या भोकावर. भोकाला त्यांनी नावही दिलं: श्वास. कुणी लिहिलं की ड्रमरची प्रेयसी त्या क्षणी त्याला सोडून गेली, म्हणून त्यानं तेवढी जागा तिच्यासाठी मोकळी ठेवली. सुनेनं मोबाइलवरून ते वाचून दाखवलं.

"प्रेयसी कुठली," वहिनी म्हणाली. "सात महिन्यांचं पोट घेऊन मी तेव्हा नळावर कपडे धूत होते. यांना सोडून जायला मला वेळ तरी होता का?"

सून हसली. दणक्या हसला नाही.

त्याचं दुखणं हसण्यातलं नव्हतं. ज्या कामासाठी हात झिजवले ते कुणाच्या कानावर पडलं नाही, आणि हातून चूक झाली ती जगानं डोक्यावर घेतली. आता हे नकल्ये बोलावत होते, त्या एका गाण्यापुरता पाहुणा म्हणून. हॉल मोठा, तिकिटं संपलेली.

"एकदा भरल्या हॉलमध्ये तो रोल वाजवतो," तो बायकोला म्हणाला. "एकदा लोकांना कळू दे तिथं काय होतं ते. मग डोळे मिटायला मोकळा."

"डोळे मिटायचं मागनं बघू. आधी हात चालतोय का बघा."

पुन्हा उशा निघाल्या. दुपारी घर निजलं की दणक्या बडवायचा आणि वहिनी स्वयंपाकघरातून ऐकायची. ती शाळेत चार बुकं शिकली नव्हती, सूर-ताल तिला कुणी शिकवला नव्हता, पण नवऱ्याचा हात ती भिंतीपलीकडून ओळखायची. लग्न झाल्यापासून कार्यक्रमावरून आला की त्याचा एकच प्रश्न: कसं झालं? आणि तिचं उत्तर कधी गोड नसायचं. पाय मागं पडत होता. झांज जास्त झाली. आज लक्ष नव्हतं. लोक तोंडावर वाहवा करायचे ती तो उंबऱ्याबाहेर झटकून यायचा, पण तिनं "बरं झालं" म्हटलं की दोन दिवस शीळ वाजवत फिरायचा. अशी शीळ तिनं त्याला फार वेळा वाजवू दिली नाही, ते सोडा.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी तालमीला दोघं हॉलवर गेले. नकल्यांचा गायक डोक्यावर केसांचा टोप घालून आला होता, मेलेल्या गायकासारखा. वहिनीनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"त्याचे केस एवढे दाट कधीच नव्हते," ती म्हणाली. "पुढनं विरळ झाले होते. म्हणून तर मागं वाढवायचा."

"वहिनी, फोटोत दाटच दिसतात."

"फोटोवाल्याला पैसे दिले की दिसतात."

ड्रमवाला पेशानं दातांचा डॉक्टर होता. बोटं स्वच्छ, बोलणं मऊ, जसं काही आता दुखणार नाही असं सांगतोय. तो दणक्याच्या पाया पडला आणि त्याला आपल्या जागेवर बसवलं. गाणं सुरू झालं. दणक्या पहिल्यापासून नीट चालला होता. मग ती जागा आली, आणि त्यानं रोल सोडला.

सगळे एकदम थांबले. कुणीतरी चुकीच्या घरात शिरल्यासारखे.

"काका," टोपवाला म्हणाला, "तिथं श्वास आहे."

"तिथं रोल आहे. मीच बसवलाय."

"असेल, पण रेकॉर्डमध्ये नाहीये ना. लोक रेकॉर्ड ऐकून येतात. तेवढी जागा लोकांची आहे काका, तिला हात नका लावू."

डॉक्टर पुढं झाला. "मी दाखवू का? रागावू नका. तुम्ही इथं उजवी काठी अशी वर नेता आणि तशीच धरता. मी कितीतरी वर्षं ऐकतोय, हात वर गेलेला ऐकू येतो मला." आणि त्यानं खरंच काठी वर धरून दाखवली, डोळे मिटून, देवळात उभं राहिल्यासारखं.

वहिनी खाली खुर्चीत बसली होती. "डॉक्टर," ती म्हणाली, "काठी वर नव्हती. भिंतीवर होती. घामानं सुटली."

डॉक्टर मनापासून हसला. "वहिनींची विनोदबुद्धी जबरदस्त आहे."

ज्यानं चूक केली त्यालाच ती कशी करायची ते शिकवत होते, आणि तो बघत होता. दणक्यानं मान हलवली आणि पुढच्या वेळी ती जागा मोकळी सोडली. नकल्ये खूश झाले.

मागच्या खोलीत दोघंच उरल्यावर तिनं तोंड उघडलं. "मान डोलावलीत म्हणजे काय? पोटच्या पोराचं नाव दुसऱ्यानं ठेवायचं आणि तुम्ही पेढे वाटायचे?"

"तालमीत कशाला वाद घालू? रात्री बोलतच नाही मी, रोल वाजवतो. वाजल्यावर कोण परत घेतोय?" तो तिच्याकडं वळला. "मघाशी पहिल्यांदा वाजवला तेव्हा कसा होता?"

"अर्ध्यात हात जड झाला."

"झाला थोडा."

"पण रोल होता. कुणीही ओळखला असता."

तेवढ्यावर त्याचा चेहरा उजळला. तिनं त्याच्या शर्टाची कॉलर नीट केली आणि उगीच जास्त वेळ करत राहिली.

संध्याकाळी हॉल गच्च भरला. वहिनीला पहिल्याच रांगेच्या मागं जागा दिली होती. तिच्या पुढं एक आडदांड माणूस बसला होता. अंगात बँडचं चित्र छापलेला शर्ट, आणि चित्र पाठीवर. तिथं तिचा नवरा होता, ऐन तारुण्यातला, काळ्या मिशीचा. हा चेहरा आता कपड्यावर मिळतो आणि घरी मिळत नाही, असं तिच्या मनात येऊन गेलं.

टोपवाल्यानं दणक्याचं नाव पुकारलं तेव्हा हॉल उठून उभा राहिला. दणक्या ड्रममागं बसला, तसे लोकही बसले. गाणं सुरू झालं आणि वहिनीनं मान खाली घातली, कारण ती डोळ्यांनी ऐकणारी नव्हती. हात छान चालला होता. पाय मागं नव्हता. झांज जेवढ्यास तेवढी. म्हातारा आज घरी शीळ वाजवणार, ती स्वतःशी म्हणाली, आणि आज आपण वाजवू द्यायची.

जागा जवळ आली. तिनं मान वर केली.

पण तेवढ्यात सगळा हॉल ताडकन उभा राहिला. हजार हात वर गेले. तिच्यासमोर ती आडदांड पाठ आली आणि पाठीवरचा काळ्या मिशीचा नवरा तिच्या नाकासमोर आला. मग सगळ्यांनी मिळून दोन टाळ्या वाजवल्या, एकाच माणसानं वाजवल्यासारख्या, अशा की खुर्चीचा पाय हलला. ही या लोकांची रीत होती. जिथं भोक तिथं दोन टाळ्या. तालमीत रिकामा हॉल होता म्हणून तिला कळलं नव्हतं, आणि सांगायचं कुणाला सुचलं नव्हतं. टाळ्या विरल्या तोवर गाणं ध्रुवपदावर पोचलं होतं, आणि लोक गळा काढून गात होते.

वहिनीनं काहीच ऐकलं नाही. त्या दणदणाटात तोफ उडाली असती तरी कळली नसती.

ती बसून राहिली. त्यानं आयुष्यभर सांभाळलेली गोष्ट आज काढली, आणि ह्यांनी टाळ्या वाजवून तीच गाडली. बाहेर पडताना लोक बोलत होते ते तिच्या कानावर पडत होतं. अगदी रेकॉर्डसारखं. डिट्टो. बहिऱ्यांनो, ती मनात म्हणाली. पण बहिऱ्यांत तीही एक होती.

मागच्या खोलीत दणक्या स्टुलावर बसून कपाळ पुसत होता. डॉक्टर आणि टोपवाला बाहेर लोकांच्या गराड्यात होते. ती आत आली आणि दार लोटून घेतलं.

तो तिच्याकडं बघत राहिला. "ऐकलंस?" त्यानं विचारलं.

नाही म्हणावं, तर त्याचा रोल जगात कुणीच ऐकला नाही, असं होणार. वहिनीनं त्याच्यापुढं गोड बोलणं कधी केलं नव्हतं, आणि म्हणून खोटं त्याच्या गळी कसं उतरवायचं ते तिला ठाऊक होतं. त्यात थोडं कडू घालायचं.

"ऐकलं की," ती म्हणाली. "शेवटाला जरा घाई केलीत. पण बरा झाला. दुपारपेक्षा बरा झाला."

दणक्यानं कपाळ पुसायचं थांबवलं. रुमाल हळू घडी केला, मग त्या घडीची आणखी एक घडी केली.

"मी वाजवला नाही," तो म्हणाला.

तिनं लोटलेलं दार नीट लावलं.

"एवढे हात वर गेलेले बघितले आणि माझाही वर गेला. डॉक्टरसारखा. तिथंच राहिला. कुणी धरून ठेवला नव्हता, आपला आपणच राहिला." तो रागावला नव्हता; रागावला असता तर तिला उत्तर सापडलं असतं. "तुला ऐकू आलं नाही, इतकं तर मला कळत होतं. म्हटलं, ही तरी सांगेल की काही ऐकू आलं नाही."

"गर्दी उठली हो. दिसलं नाही मला."

"हो ना."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले."

"हो ना," तो पुन्हा म्हणाला. मग, तिच्याकडं न बघता, "एवढ्या वर्षांत किती वेळा?"

"एकदाही नाही," ती म्हणाली. ते खरं होतं. आणि खरं असून त्याला काही मोल उरलं नव्हतं, हे तिला आपल्याच आवाजात ऐकू आलं. ज्या ज्या वेळी तिनं "बरं झालं" म्हटलं होतं, मोजक्याच वेळा म्हटलं होतं, ते सगळं आता तो एकेक उचलून उजेडात धरून बघणार.

दार उघडलं आणि डॉक्टर आत आला, आनंदानं घामाघूम. "काका, काय धरलीत काठी. मी कितीही केलं तरी तशी नाही येत. पुढच्या महिन्यात दोन ठिकाणी आहे, यायचं बरं का. नाही म्हणायचं नाही."

वहिनीनं नवऱ्याकडं पाहिलं. हा आता याला दोन खडे बोल सुनावणार, असं वाटून ती बाजूलाही झाली.

"येतो," दणक्या म्हणाला.

"तसंच करायचं हां काका. अगदी तसंच."

"तसंच करतो. सोपंच आहे."

डॉक्टर वहिनीकडं वळला. "आणि वहिनी, तुमची पुढची खुर्ची राखून ठेवतो."

"ती नाही येणार," दणक्या म्हणाला. तो खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. "तिला गर्दीत काही ऐकू येत नाही. उगीच दगदग."

डॉक्टर हसला, त्याला तोही विनोद वाटला. वहिनीच्या तोंडाला त्या गल्लीत कुणी पुरं पडलं नव्हतं. आज ती नवऱ्याची नाडी बांधून होईपर्यंत दाराशी उभी राहिली.